तीन सूत्रं आणि सातशे दहाचा कागद

४ नोव्हेंबर, मंगळवार

चौदा लाख खात्यात जमा. पुण्याच्या दैनिकाला एकवीस वर्षं दिल्लीच्या बातम्या पुरवल्या, त्याची दक्षिणा. दिल्ली कार्यालय बंद. कार्यालय म्हणजे मी, एक खुर्ची आणि मुका फॅक्स. तिघांपैकी पैसे मला एकट्यालाच मिळाले, हे नशीब.

शुभदा शाळेतून आली, आकडा बघितला, म्हणाली, "एफडी कर आणि गप्प बस." रसायनशास्त्र शिकवते. स्थिर पदार्थांवर तिचा जीव.

दुपारी अरोडाचा फोन. गाझियाबादचा दलाल. बाजाराची बातमी हवी असली की मी त्याला विचारायचो. आता बातमी नको, तर तोच फोन करतो. "सर जी, एक चीज़ है. हजार का कागज सात सौ दस में."

शीतगृहं चालवणारी कंपनी, हापूड रोडला मोठं आवार. परिवर्तनीय डिबेंचर. स्वतःला समजावं म्हणून लिहून ठेवतो: आपण कंपनीला हजार रुपये कर्ज दिलं असा कागद. वर्षाला साडेनऊ टक्के व्याज, तीन वर्षांनी हजार परत. ते नको असेल तर १५ डिसेंबरपर्यंत फॉर्म भरून एका कागदाचे बारा शेअर घ्यायचे. सावकार राहा, नाहीतर मालक व्हा. दरम्यान त्रिशंकू.

हजाराचा कागद सातशे दहाला का, असं विचारलं.

"मार्केट डरा हुआ है, सर."

मग मी कुठे वेगळा आहे.


६ नोव्हेंबर

कंपनीचा दस्तऐवज वाचतोय. एकशे चौसष्ट पानं. पाठशाळेत मीमांसा शिकलो त्याचा उपयोग त्रेपन्नाव्या वर्षी झाला. आज्ञा कोणती आणि नुसती स्तुती कोणती, विधी कुठला आणि अर्थवाद कुठला, हे आधी वेगळं काढायचं. रंगीत पानं सगळी अर्थवाद. "भारताच्या अन्नसुरक्षेचा कणा" वगैरे. विधी पान ९७ वर, बारीक अक्षरात: मालमत्तेवर पहिला हक्क बँकेचा, डिबेंचरवाल्यांचा त्यानंतर.

म्हणजे घर जळालं तर बँक आधी भांडी नेणार, आम्ही राख चाळणार.

तरी. सातशे दहा देऊन हजार. वर व्याज, आणि तेही हजारावर. कुठली एफडी देणार? आणि गुजरातची कुणी मोठी कंपनी यांना विकत घेणार, अशी कुजबुज आहे. तसं झालं तर आज बावन्न रुपयांचा शेअर शंभरावर जाईल, बाराचे बाराशे.

जाईल. होईल. मिळेल. भविष्यकाळाशिवाय या धंद्यात क्रियापदच नाही.

छातीत सकाळपासून बारीक धडधड. हवेमुळे असेल. खिडकीतून समोरचा टॉवर दिसत नाही.


९ नोव्हेंबर, रविवार

लक्ष्मीबाई नगरात मी घेतो तो गीतेचा वर्ग. देशमुखांच्या सरकारी क्वार्टरमध्ये दर रविवारी सकाळी. सात-आठ मराठी माणसं येतात, उच्चार चुकतात, पोहे उत्तम असतात. देशमुख मंत्रालयात उपसचिव. फाइलवर "चर्चा करावी" लिहिण्यात हयात गेली, त्यामुळे चर्चा कधीच करत नाहीत.

पोह्यांच्या वेळी सहज विचारलं, ही शीतगृहवाली कंपनी कशी आहे हो? थेट सांगायचं नाही, विषय बाजूने काढायचा, ही जुनी सवय. का विचारतोय ते बातमीदार कधी सांगत नाही.

परतताना मेट्रोत वर्गातले सुभेदार जाधव सोबत. मूळचे माण तालुक्यातले, पलटणीतून निवृत्त झाले, छावणीतलं क्वार्टर सुटलं, आता गाझियाबादला विजयनगरात भाड्याने राहतात. एका एजन्सीत गार्डांचे सुपरवायझर. आणि ड्यूटी कुठे? त्याच हापूड रोडच्या आवारात! वर्षभर माहीत होतं, डोक्यात आज पेटलं. यापेक्षा चांगलं सूत्र कुठलं?

"काय सुभेदारसाहेब, गाड्या येतात का तुमच्याकडे?"

"येतात की गुरुजी. रोज पंधरा-वीस. बटाट्याच्या."

"पगार वेळेवर?"

"एकदम ओके." मग जरा थांबून, "का हो गुरुजी?"

"सहज."

"ते कागद कुठं मिळत्यात?"

अरोडाचा नंबर दिला. तोही सहज.


१२ नोव्हेंबर, बुधवार

तीन फोन.

देशमुख: "अहो पंडित, तुम्ही विचारलंत म्हणून मी चौकशी केली. कंपनीच्या आतला माणूस घेतोय म्हणे."

अरोडा: "सर, इंटरेस्ट बन रहा है. एक मिनिस्ट्रीवाले पूछ रहे थे, एक साइट के बंदे. भाव सात सौ अठारह."

सुभेदार: "गुरुजी, वरचे साहेब लोक पण बघाया लागल्यात."

तीन स्वतंत्र सूत्रं. माझ्या धंद्यात दोनांवर बातमी आत जाते, तीनांवर पहिल्या पानावर. शुभदाला मोठ्या आवाजात सांगितलं.

ती वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "तुला नफा हवाय की बातमी?"

"दोन्ही."

"मग नफा होणार नाही."

तरीही शेअरबाजाराचं ॲप उघडलं. पासवर्ड तीनदा चुकला, खातं चोवीस तासांसाठी बंद. मला इतकं हायसं वाटलं की चहा करून घेतला.


१६ नोव्हेंबर, रविवार

वर्गात सुभेदारांचे उच्चार एकदम खणखणीत. खुशीत होते. पोहे दोनदा घेतले.

उद्या घेतोच. पाचशे कागद, साडेतीन लाखांच्या आसपास. शु. हो म्हणाली नाही. "नाही" असंही म्हणाली नाही. मौनाचा अर्थ लावू नये हे माहीत आहे. लावला.

मुक्ताने विचारलं, "बाबा, आई म्हणते तुला धास्ती आहे. धास्ती मतलब?" एकोणीस वर्षांची झाली, दिल्लीत वाढली, मराठीतले अर्धे शब्द वाटेत सांडले. म्हटलं, भीती असते ना, तिने भाड्याने घर घेतलं की धास्ती.

"यार, बाबा. बस टेन्शन बोलो ना."


१८ नोव्हेंबर, मंगळवार

घेतले नाहीत. घेण्याआधी शेवटची पडताळणी करावी म्हणून तिघांना फोन केले. तेच लिहितोय.

देशमुखांना: "तो आतला माणूस कोण हो?"

"अहो, आपले सुभेदार! मी त्यांना फोन केला, ते म्हणाले घेतोय. साइटवरचा माणूस घेतोय म्हटल्यावर मी पण पन्नास उचलले."

अरोडाला: "वो मिनिस्ट्रीवाले कौन? साइट का बंदा कौन?"

"देशमुख साहब और फौजी. दोनों आप ही के तो हैं, सर. नंबर आपने फौजी को दिया, फौजी ने उनको."

सुभेदारांना: "वरचे साहेब लोक कोण?"

"देशमुखसाहेब. त्यांनी सोताहून फोन करून विचारलं म्हणल्यावर मी समजलो."

"पण तुम्ही घ्यायचं ठरवलंत कशावरून?"

"तुम्ही इचारलं म्हणून! गुरुजी, तुम्ही पत्रकार माणूस, फुकट कशाला इचाराल?"

पाठशाळेत सोळाव्या वर्षी तर्कदोष पाठ केले होते. पहिल्याचा आधार दुसरा, दुसऱ्याचा तिसरा, तिसऱ्याचा पुन्हा पहिला: चक्रक. परीक्षेत उदाहरण सुचलं नव्हतं, दोन गुण गेले. आज उदाहरण घरचं. तिन्ही सूत्रांच्या बुडाशी मीच बसलेलो.

सुभेदारांना पुढे "किती घेतलेत?" विचारलं.

"हजार."

"हजार रुपयांचे?"

"हजार कागद. सात लाख अठरा हजार. होते तेवढे समदे."

विजयनगरची दोन खोल्यांची जागा घरमालक विकतोय. मार्चमध्ये पैसे द्यायचे आहेत, सुभेदारांना दोन लाख कमी पडतात. ते दोन लाख या कागदातून यायचेत. वहिनींनी पडद्यांचं कापडसुद्धा बघून ठेवलंय.

मग म्हणाले, "आपण दोघं एका होडीत हाय, गुरुजी, मग काळजी कशाची. तुम्ही पण घेतलंय न्हवं?"

आणि मी म्हणालो, "हं."


१९ नोव्हेंबर

एकवीस वर्षांत छापलेल्या चुकांचे खुलासे दिले. पान पाच, तळाला, चौकटीत. या "हं"चा खुलासा कुठल्या पानावर?


२१ नोव्हेंबर, शुक्रवार

कंपनीच्या हिशेबतपासनिसांनी राजीनामा दिला. कारण: "अन्य कामांचा व्याप." मी स्वतः अशी वाक्यं हजारदा छापली आहेत. खरी एकही नव्हती.

कागद ६४०. शेअर ४४.

फोन वाजला. सुभेदारांचा होता. आवाज शांत. "भाव पडला वाटतं. पडतो, उठतो. तुम्ही हाय म्हणून मी निवांत."

मी थंडीचं विचारलं आणि फोन ठेवला.

अरोडा म्हणतो आता तर सोनं आहे, ६४० ला घ्या. माझंही डोकं तिकडे पळालं. आज मी पाचशे घेतले तर दोन कामं होतील: कागद स्वस्तात पडेल आणि "हं" खरा होईल. सव्वातीन लाखांत खोटं धुऊन मिळतंय.

शु.ला सांगितलं. ती म्हणाली, "तू गुंतवणूक करतोयस की प्रायश्चित्त? प्रायश्चित्ताला गाय लागते, डिबेंचर नाही."

"मग काय करू?"

"त्याला सांग."


२४ नोव्हेंबर, सोमवार

सुभेदारांबरोबर हापूड रोडला गेलो. सांगायलाच गेलो होतो.

आवार मोठं. तीन इमारती, एकीचंच यंत्र चालू. अमोनियाचा वास, जुन्या शौचालयासारखा. फाटकावर सुभेदार वेगळेच दिसतात. गार्ड ताठ होतात. मला मिरवून दाखवलं, "हे आमचे गुरुजी, प्रेसवाले." गाड्या खरंच होत्या. मोजल्या, अकरा.

तिथल्या म्हाताऱ्या मुनीमजींना विचारलं, इतर दोन इमारती बंद का?

"खाली हो गईं जी. नवंबर में तो सब अपना माल निकालते हैं. भरना फरवरी में."

मी म्हटलं, मग या गाड्या?

"निकालने आई हैं."

गाड्या येतात का, असं मी विचारलं होतं. येतात. रिकाम्या येतात, भरून जातात. यंदा शेतकरी पुन्हा माल ठेवायला येतील की नाही, कंपनी तगून आहे की नाही, ते फेब्रुवारीत कळणार. फॉर्मची मुदत १५ डिसेंबर. आयुष्यभर बातम्या लिहिल्या आणि बटाट्याचा मोसम विचारायचं राहिलं.

धूर दिसला की अग्नी आहे असं अनुमान करावं, हे न्यायशास्त्राचं पहिलं उदाहरण. हे शास्त्र लिहिणाऱ्यांनी नोव्हेंबरात गाझियाबाद पाहिलं नव्हतं.

येताना सुभेदारांनी दहा किलो बटाटे दिले. पैसे घेईनात. तोंड उघडलं आणि म्हणालो, "फार झाले हो." एवढंच.


३० नोव्हेंबर, रविवार

आज सहामाही व्याजाचा दिवस. रविवार असल्याने उद्या येईल. सुभेदारांचे सत्तेचाळीस हजार पाचशे. वर्गात कुणाचंच लक्ष नाही. देशमुख म्हणाले, "माझे पन्नास बुडाले तर बुडाले, यंदा सोफा नाही घेणार." हे त्यांनी सुभेदारांसमोर म्हणायला नको होतं.

सुभेदार हसले नाहीत. पोहे एकदाच घेतले.


१ डिसेंबर

व्याज आलं नाही. दुपारी सुभेदारांचे दोन फोन. दुसरा मी उचलला नाही. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभा राहिलो.


२ डिसेंबर, मंगळवार

आलं! सकाळी अकराला. सुभेदारांनी बँकेच्या मेसेजचा फोटो पाठवला, खाली हात जोडलेली तीन चित्रं.

कागद ६७५.

आनंद अर्धा तास टिकला. व्याज कशातून दिलं? रिकाम्या इमारतींच्या भाड्यातून? की बँकेकडून आणखी कर्ज काढून? नवं कर्ज म्हणजे रांगेत आमच्यापुढे आणखी एक माणूस.

आमच्या म्हणालो. मी तर रांगेतच नाही.


७ डिसेंबर, रविवार

सांगितलं.

मेट्रोत. राजीव चौकात गर्दी चढली, एकमेकांना चिकटून उभे होतो, पळायला जागा नव्हती. कदाचित म्हणूनच जमलं. "सुभेदारसाहेब, मी घेतलेले नाहीत. एकही नाही. तुम्ही विचारलंत तेव्हा 'हं' म्हणालो, ते खोटं होतं. आणि पहिल्या दिवशी तुम्हाला विचारलं तेव्हा मलाही काही माहीत नव्हतं. माझ्याच विचारण्यावरून सगळं उठलंय."

त्यांनी वरच्या कडीवरचा हात बदलला. मी त्यांच्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होतो. पलटणीचं असावं.

मग म्हणाले, "का घेतलं न्हाई?"

"भ्यालो."

"हां." डब्याचं दार उघडलं, मिटलं. "आमच्याकडं भ्यालेल्या माणसाला नकाशा देत्यात. तो नीट बघतो."

"सुभेदारसाहेब, माफ..."

"ते ऱ्हाऊ द्या, गुरुजी. तुम्ही घेतलं असतं तर तुमची बी मती माझ्यासारखी झाली असती. आता तुम्ही बाहेर हाय. फॉर्म तुम्हीच भरा. सावकार ऱ्हायचं, मालक व्हायचं, का इकून मोकळं व्हायचं. तुम्ही सांगाल ते."

"मी कसा..."

"इचारताना इचारलं होतं का मला, मी कसा म्हणून?"

आवाज चढवला नाही. वैशाली स्टेशनला उतरताना माझ्या हातात फॉर्मची घडी दिली. खाली सही करून आणली होती. वरचे चौकोन कोरे.

एवढी भीती मला स्वतःच्या चौदा लाखांची कधी वाटली नव्हती.


११ डिसेंबर, गुरुवार

पूर्वपक्ष, उत्तरपक्ष. तीन कागद खराब केले.

विकावं तर: आज ६६०. अठ्ठावन्न हजार तोटा, सत्तेचाळीस व्याजात भरून आले. म्हणजे जवळजवळ सुटलो. पण दोन लाख नाहीत, खोल्या नाहीत, पडदे नाहीत. आणि आठवड्यात गुजरातवाल्यांनी घोषणा केली तर? सुभेदार काही बोलणार नाहीत. तेच भयंकर.

शेअर घ्यावे तर: शेअर ४६, बाराचे साडेपाचशे. म्हणजे आज कागदामागे हाताने शंभर जाळायचे, आणि मार्चच्या आत शंभराचा भाव येईल म्हणून बसायचं. आला तर खोल्या घेऊन वर उरतील. न आला तर कंपनी बुडताना मालकाला काहीच मिळत नाही, राखसुद्धा नाही.

तसेच ठेवावे तर: तीन वर्षं. कंपनी जगली तर दहा लाख आणि व्याज. पण घरमालक तीन वर्षं थांबणार नाही. आणि कंपनी जगेल का, ते बटाट्याला माहीत.

जुन्या ओळखीने गुजरातच्या एका बातमीदाराला फोन केला. म्हणाला, "ऐकलंय खरं. दिल्लीकडूनच ऐकलं. तुमच्या बाजूचाच कुणीतरी पत्रकार विचारत होता म्हणे."

फोन ठेवला.


१४ डिसेंबर, रविवार

वर्गाला सुभेदार आले नाहीत. ड्यूटी, असा मेसेज. देशमुखांनी विचारलं, "तुमचं काय ठरलं पंडित, आम्ही पण तसंच करतो." म्हटलं, खबरदार! इतक्या जोरात की देशमुखवहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

शु. संध्याकाळी शेजारी बसली. फॉर्म हातात घेऊन दोन्ही बाजूंनी बघितला, उत्तरपत्रिका बघते तसा. म्हणाली, "एक कर. त्याच्यासाठी जे लिहिशील ते आपल्या पैशाने करायची तयारी आहे का बघ. असेल तर लिही."

"आणि नसेल तर?"

"तर त्याला तेही सांग. ही वेळ 'हं' म्हणायची नाही."

तिने पहिल्यांदाच "आपल्या पैशाने" म्हटलं. आजवर "तुझे चौदा लाख" होते.


१५ डिसेंबर, सोमवार

सकाळचे साडेनऊ. बाहेर धुकं, पाचव्या मजल्यावरून खाली जमीनच नाही. मुदत संध्याकाळी पाचपर्यंत. अरोडाचे तीन मेसेज. वाचले नाहीत.

दरवाजात चप्पल घालता घालता मुक्ता म्हणाली, "बाबा, तू पेन उलटा धरलायस." खरंच.

ॲप उघडून ठेवलंय. पासवर्ड आज पहिल्याच फटक्यात बरोबर. एका बाजूला फॉर्म, एका बाजूला आमचं खातं. खरेदी, विक्री, दोन बटणं, हिरवं आणि लाल. चौकोन कोरे ठेवले तरी पाचनंतर तोही निर्णयच: सावकार राहिलात असं धरतील. पान ११२, टीप.

एक ठरलंय, तेवढंच लिहितो. उत्तर त्यांना आधी सांगणार नाही, समोर बसवून दोघांनी मिळून फॉर्म भर...

इंटरकॉम. फाटकावरचा गार्ड: "सर, कोई सूबेदार साहब आए हैं. स्कूटर पर. साथ में मैडम भी हैं. आलू लाए हैं."

वहिनीही आल्या आहेत.

"भेज दूँ, सर?"

हो म्हणालो. लिफ्ट वर येतेय. पेन सरळ केला.